गळ्यातली जपमाळ

दरवर्षी १६ जानेवारीला आपण संत जोसेफ वाझ ह्यांचा सण साजरा करतो. गोव्याच्या मातीतले हे संत. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक असते, वेदीजवळची तसबीरही ओळखीची असते. पण हा माणूस नेमके काय करून गेला असे मुलांनी विचारले, तर श्रीलंकेत मिशनरी होते एवढे सांगून आपण थांबतो. श्रद्धा दुसऱ्यापर्यंत न्यायची म्हणजे काय करायचे, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हे चरित्र एकदा सावकाश वाचायला हवे.

२१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे, आईच्या माहेरी, त्यांचा जन्म झाला. वडील ख्रिस्तोव्हांव वाझ सांकवाळचे, आईचे नाव मारिया द मिरांद. घरात कोकणी, शाळेत पोर्तुगीज, पुढे लॅटिन. जुन्या गोव्यात त्यांचे उच्च शिक्षण झाले आणि १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर त्यांनी पायातल्या वहाणा सोडल्या आणि गरिबांसारखे अनवाणी चालू लागले. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून लिहून दिले. तो लेख आजही प्रसिद्ध आहे. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या माणसाने दास ही पदवी आपणहून घेतली. पुढे लंकेत त्यांना खरोखरच हमालाच्या वेषात फिरावे लागले, तेव्हा तो वेष त्यांना जड गेला नसावा.

त्या काळची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गोव्यातील युरोपियन संन्यस्त संघांत स्थानिक धर्मगुरूंना सहसा प्रवेश नव्हता. कितीही शिकलेला, कितीही भाविक असला, तरी तो इथला होता एवढेच पुरे होते. ही आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातली दुखरी जागा आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काही गोवेकर धर्मगुरूंनी त्यावर तक्रार करीत न बसता जुन्या गोव्यातील चमत्कारांच्या क्रुसाच्या चर्चजवळ एकत्र राहून प्रार्थनामय जीवन सुरू केले. १६८५ साली फादर वाझ त्यांना जाऊन मिळाले आणि लवकरच त्यांचे प्रमुख झाले. संत फिलिप नेरी ह्यांच्या ऑरेटरीच्या नियमाप्रमाणे चालणारा हा स्थानिक धर्मगुरूंचा संघ. लंकेला पुढे जे धर्मगुरू गेले ते ह्याच घरातून.

त्याआधी १६८१ ते १६८४ ही वर्षे त्यांनी कानडा प्रांतात, मंगळूरच्या परिसरात काढली होती. विस्कटलेल्या ख्रिस्ती वस्त्यांतून ते पायी फिरले, गुलाम म्हणून विकलेल्या ख्रिस्ती लोकांना पैसे भरून सोडवले. पण मन लंकेकडे ओढत होते.

लंकेत काय चालले होते? पोर्तुगीजांच्या काळात तेथे मोठी ख्रिस्ती वस्ती झाली होती. १६५६ साली डच लोकांनी कोलंबो घेतले आणि १६५८ साली जाफना. डच हे कॅल्विनपंथी ख्रिस्ती. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना देशाबाहेर घालवले, चर्च ताब्यात घेतली आणि धर्मगुरूला घरात लपवणाऱ्याला मृत्युदंड जाहीर केला. जवळजवळ ३० वर्षे तिथल्या लोकांना मिस्सा मिळाली नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला तैलाभ्यंग नाही. मुलांना क्रुसाची खूण शिकवायची ती दार लावून. हे सगळे ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राज्यकर्त्यांनीच केले, हे ध्यानात ठेवलेले बरे. कारण पुढे ह्या कथेत आश्रय देणारा राजा बौद्ध आहे.

ही बातमी गोव्यात सर्वांना ठाऊक होती. हळहळ सगळेच करीत. फादर वाझ ह्यांनी १६८६ साली गोवे सोडले. घरच्या नोकरांपैकी जुआंव नावाचा इमानी माणूस सोबत होता. वाटेत त्यांनी तमिळ शिकायला सुरुवात केली. १६८७ साली तुतिकोरीनहून जहाज पकडले. अंगावर झगा नव्हता, मजुराचे फाटके कपडे होते. मिस्सेचे सामान गाठोड्यात लपवलेले. जाफन्याला पोहोचले तेव्हा अतिसाराने ते इतके खंगले होते की उभे राहवत नव्हते. ज्या लोकांसाठी ते आले होते त्यांच्यापैकी कोणालाच हा माणूस कोण हे ठाऊक नव्हते. दया आलेल्या परक्या माणसांनी दिलेल्या पेजेवर त्यांचा जीव तगला.

बरे वाटल्यावर खरी अडचण समोर आली. शहरात कॅथलिक कोण हे शोधायचे कसे? उघड विचारावे तर हेरांची भीती. जो खरा कॅथलिक आहे तोही परक्या माणसापुढे कबूल करणार नाही, कारण कबूल केले तर त्याचे घर जाईल, कदाचित मानही जाईल. फादर वाझ ह्यांनी काय केले? त्यांनी आपली जपमाळ गळ्यात घातली आणि दारोदार भीक मागायला सुरुवात केली.

एवढेच. प्रवचन नाही, घोषणा नाही. दारात उभे राहायचे, हात पुढे करायचा आणि आतल्या माणसाची नजर जपमाळेवर गेली की तिच्यात काय उमटते ते पाहायचे. कुठे तिरस्कार दिसे, कुठे नुसते कुतूहल, बहुतेक ठिकाणी काहीच नाही. असे किती दिवस गेले असतील! शेवटी एका घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर त्यांना हवे ते दिसले. तरीही त्यांनी घाई केली नाही. ती माणसे खरोखर श्रद्धावंत आहेत ह्याची खात्री पटल्यावरच त्यांनी आपण धर्मगुरू असल्याचे सांगितले. त्या कुटुंबाची त्या क्षणी काय अवस्था झाली असेल ह्याची कल्पनाच करावी. ज्याला चार दिवस शिळे वाढले, तो ३० वर्षे ज्याची वाट पाहिली तो माणूस निघाला.

आपल्याकडे आज सकाळ झाली की मोबाइलवर बायबलची वचने आणि संतांची चित्रे पुढे पाठवली जातात. त्यात वाईट काही नाही. मात्र पाठवणाऱ्याच्या नावावर काही लागलेले नसते. फादर वाझ ह्यांच्या गळ्यातली माळ चुकीच्या डोळ्यांनी ओळखली असती, तर तिची किंमत काय पडली असती हे त्यांना पक्के माहीत होते.

जाफन्याच्या जवळ सिल्लालै नावाचे गाव आहे. तिथले लोक श्रद्धेला चिकटून राहिलेले होते. त्यांनी फादरांना आपल्याकडे लपवले. दिवसा विश्रांती, रात्री मिस्सा आणि संस्कार, पहाटेपूर्वी दुसऱ्या घरी मुक्काम, असा क्रम दोन वर्षे चालला. लोकांची संख्या वाढू लागली तशी बातमी डच अधिकाऱ्यांपर्यंत गेली. १६८९ सालच्या नाताळच्या रात्री जाफन्यात मिस्सेसाठी जमलेल्या सुमारे ३०० लोकांवर धाड पडली. फादर वाझ निसटले. लोक निसटले नाहीत. काहींना चाबकाचे जबर फटके बसले, काहींच्या नशिबी कैद आली. कोणी त्यांना धरून दिले नाही. संतांची चरित्रे सांगताना आपण ह्या माणसांना विसरतो. त्यांची नावे कोणत्याही वेदीवर नाहीत, पण त्या रात्री श्रद्धेची साक्ष कोणी दिली असेल तर ती त्यांनी.

आपल्यामुळे इतरांना मार बसतो हे पाहून फादर वाझ पुत्तळमकडे सरकले. तो प्रदेश डचांच्या नव्हे, कँडीच्या राजाच्या ताब्यात होता. १६९२ साली आंतोनियो सोतोमायोर ह्या कॅथलिक गृहस्थाबरोबर ते कँडीला निघाले. राजदरबारातल्या एका कॅल्विनपंथी फ्रेंच माणसाने राजाच्या कानात घातले की हा धर्मगुरू नाही, पोर्तुगीजांचा हेर आहे. दोघांना बेड्या घालून राजधानीत आणण्यात आले. ह्यात राजाला फार दोष देता येत नाही. पोर्तुगीजांनी लंकेत देवळे पाडली होती, लढाया केल्या होत्या. तिकडून आलेल्या माणसाचा संशय येणे साहजिक होते. तो संशय एकदोन भाषणांनी जाण्यासारखा नव्हता.

कैदेत त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, सिंहली भाषा शिकायला घेतली. दुसरी, प्रार्थना सोडली नाही. पहारा थोडा सैल झाल्यावर त्यांनी तिथेच साधी झोपडी उभारून वेदी मांडली. कँडीत पूर्वी कैद होऊन आलेल्या पोर्तुगीजांच्या वंशातले काही कॅथलिक राहत होते. त्यांनी नाताळची मिस्सा ऐकली, कित्येकांनी जन्मात पहिल्यांदा. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हे सगळे दुरून पाहत होता आणि हेराची लक्षणे त्याला काही दिसेनात.

पुढे मोठा दुष्काळ पडला. इतर प्रार्थना होऊन गेल्यावर राजाने ह्या कैद्यालाही आपल्या देवाला विनवायला सांगितले. फादर वाझ ह्यांनी चौकात वेदी मांडली, क्रूस ठेवला आणि गुडघे टेकले. धो धो पाऊस आला, आणि ते व त्यांची वेदी मात्र कोरडी राहिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. राजाने त्यांना मोकळे केले आणि राज्यात फिरण्याची, धर्म सांगण्याची मुभा दिली. लोकांना पावसाची ही गोष्ट फार आवडते आणि चित्रांतही तीच रंगवलेली असते. मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त मोठी वाटते.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबार शहर सोडून गेले. ज्यांना पळता येत होते ते पळाले. घरच्यांनी आजारी माणसांना रानात नेऊन सोडले. तोपर्यंत गोव्याहून नवे धर्मगुरू आले होते. त्यांत फादरांचे भाचे जोसेफ कार्व्हाल्यो होते. मामा-भाचे शहरात राहिले. रानात टाकलेल्या रोग्यांसाठी त्यांनी झोपड्या बांधल्या, रिकाम्या घरांत रोग्यांना आणून ठेवले, त्यांच्या जखमा धुतल्या, पेज भरवली आणि मेलेल्यांना हाताने खड्डे खणून पुरले. ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण, हे विचारायला वेळ नव्हता आणि त्यांना विचारायचेही नव्हते. साथ ओसरल्यावर राजा परत आला तेव्हा लोकांनी त्याला जे सांगितले, त्याने दरबारातील उरलासुरला विरोध गप्प बसला. ह्यानंतर पुष्कळ लोक आपणहून श्रद्धेची चौकशी करू लागले. चौकशी त्यांनी केली, फादरांनी नव्हे, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

बाकीची वर्षे फिरण्यात गेली. डचांच्या मुलखातही ते वेष पालटून जात. गावोगावच्या मंडळींची घडी त्यांनी नीट बसवली. धर्मगुरू वर्षातून एखाद्या वेळीच येणार, म्हणून प्रत्येक ठिकाणी प्रापंचिक पुढारी नेमले. त्यांना मुप्पू म्हणत आणि धर्मशिक्षण देणाऱ्यांना अण्णावी. रविवारी लोकांना जमवणे, प्रार्थना चालवणे, मुलांना शिकवणे, आजाऱ्याची खबर पोहोचवणे ही कामे तेच करीत. आजच्या आपल्या लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीला सातपैकी दोन घरे येतात, तेव्हा ह्या मुप्पूंची आठवण यायला हरकत नाही.

भाषेकडेही त्यांचे लक्ष होते. लोकांशी तमिळ आणि सिंहलीतच बोलायचे असा त्यांचा आग्रह होता. १६७६ साली दिवाडी बेटावर जन्मलेले फादर जाकोम गोन्साल्विस १७०५ साली लंकेत आले. फादर वाझ ह्यांनी त्यांची बुद्धी ओळखली आणि त्यांना लेखनाच्या कामाला लावले. सिंहली भाषेतील कॅथलिक साहित्याचा पाया ह्या गोन्साल्विसांनी घातला. आपल्या भाषेत प्रार्थना असणे ही आपल्याला आता साधी गोष्ट वाटते. लंकेतल्या लोकांना ती दोन गोवेकरांनी दिली.

रोमहून त्यांना अधिकाराचे मोठे पद देऊ केले गेले. ते त्यांनी नाकारले. पुढे शरीर थकत गेले. चालता येईना, जखमा भरेनात. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचे निधन झाले. वय ५९ वर्षांचे. लंकेत आल्यापासून ते एकदाही गोव्याला परत गेले नाहीत. त्यांना कँडीत पुरले, पण नंतरच्या उलथापालथीत ते चर्च नष्ट झाले आणि कबरेची जागा आज सापडत नाही.

गोव्याच्या ऑरेटरीतून पुढेही शंभराहून अधिक वर्षे धर्मगुरू लंकेला जात राहिले. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत फादर वाझ ह्यांना धन्यवादित घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरातील समुद्राकाठच्या मैदानावर पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्या मिस्सेला लाखो लोक आले होते. त्यांत सिंहली होते, तमिळ होते, गोव्याहून गेलेले भाविक होते. जाफन्याकडून आलेल्या पुष्कळ म्हाताऱ्यांच्या गळ्यात जपमाळ होती.