फ्लूची लस दरवर्षी नव्याने का घ्यावी लागते? थॉमस फ्रान्सिस यांची गोष्ट

गोवराची लस लहानपणी घेतली की पुढे बहुतेकांना चिंता नसते. फ्लूची लस मात्र दरवर्षी घ्यावी लागते. असं का, याचं उत्तर शोधणाऱ्यांमध्ये अमेरिकेचे डॉ. थॉमस फ्रान्सिस ज्युनिअर यांचं नाव अग्रक्रमाने घ्यावं लागेल.

त्यांचा जन्म १९०० साली इंडियाना राज्यातल्या गॅस सिटी या गावी झाला. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा ते १८ वर्षांचे होते. त्या साथीत जगभर कोट्यवधी माणसं दगावली, एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक. विशेष म्हणजे त्यात विशी-तिशीतली धडधाकट माणसं फार होती. हा आजार एका जिवाणूमुळे होतो, असं तेव्हा अनेक डॉक्टर मानत.

फ्रान्सिस १९२५ मध्ये येल विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियावर काम करू लागले. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस यांनी पोर्तो रिकोमधल्या साथीच्या नमुन्यांतून तो मिळवला. १९४० मध्ये त्यांनी फ्लूचा दुसराच विषाणू शोधला. पहिल्याला ‘ए’ आणि या नव्याला ‘बी’ असं नाव पडलं. एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला रोखत नव्हती.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९१८ सारखी साथ छावण्यांत पसरली तर काय, ही अमेरिकी लष्कराला धास्ती होती. लष्कराच्या इन्फ्लुएंझा आयोगाची धुरा फ्रान्सिस यांच्याकडे आली. कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून, फॉर्मलिनने मारून लस तयार झाली. या कामात जोनास साल्क हे तरुण डॉक्टर त्यांच्या हाताखाली शिकत होते. १९४३ मध्ये हजारो जवानांवर चाचणी झाली. लस घेतलेल्यांत आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण बरंच कमी निघालं. १९४५ मध्ये सगळ्या सैन्याला लस दिली गेली.

पण १९४७ मध्ये तीच लस फसली. लस घेतलेले आणि न घेतलेले जवळपास सारखेच आजारी पडले. लस खराब नव्हती, विषाणू बदलला होता. फ्रान्सिस आणि साल्क यांनी हे अपयश लपवलं नाही, आकडेवारीसह छापलं. लसीतले विषाणू वेळोवेळी बदलावे लागतील, हे त्यातून स्पष्ट झालं. आज जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते विषाणू घ्यावेत ते सुचवते, त्यामागे हाच धडा आहे.

फ्रान्सिस यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. लहानपणी ज्या फ्लूशी पहिली गाठ पडते, त्याची आठवण शरीर आयुष्यभर जपतं आणि पुढच्या प्रत्येक फ्लूला त्याच आठवणीतून उत्तर देतं. म्हणूनच एकाच साथीत वेगवेगळ्या वयाच्या माणसांना कमी-जास्त त्रास होतो. १९६० मध्ये त्यांनी याला ‘मूळ पापा’ची उपमा दिली.

साल्क यांची पोलिओ लस जगप्रसिद्ध झाली. तिची देशव्यापी चाचणी तपासून ती सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचा निकाल १९५५ मध्ये जाहीर केला तो या गुरूनेच. १९६९ मध्ये फ्रान्सिस यांचं निधन झालं. त्यांनी पोर्तो रिकोमधून मिळवलेल्या विषाणूचा वंश मात्र अजून कामावर आहे: अंड्यांत नीट वाढणारा लसीचा विषाणू घडवताना आजही त्याचाच आधार घेतला जातो.