इब्राहिमखान गारदी

मुलांनो, गोंदिया जिल्ह्याच्या शेजारी, भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे दारूगोळ्यासाठी स्फोटके तयार करणारा कारखाना आहे. तुम्ही त्याचे नाव ऐकले असेल. पण उत्तम दारूगोळा असला, तरी तो वापरणारा हात सरावलेला असावा लागतो. हे ओळखणारा एक सेनानी अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजेत होता. त्याचे नाव इब्राहिमखान गारदी.

इब्राहिमखान प्रथम निजामाच्या राज्यात होता. तेथे फ्रेंच सेनापती बुसी याच्या हाताखाली तो कवायत आणि तोफखान्याचे काम शिकला.

त्या काळची बंदूक भरणे सोपे नव्हते. कागदी काडतूस दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, वर शिशाची गोळी घालायची आणि गजाने ठासायची. चाप ओढला की गारगोटीची ठिणगी पडून बार उडे. दारू भिजली तर बार फुकट जाई. घाईत गज नळीतच राहिला, तर तोही गोळीबरोबर उडून जाई! शंभर पावलांपलीकडे नेम क्वचितच लागे. म्हणून सर्वांनी रांगेत उभे राहून एका हुकमाने बार काढावे लागत. हे रोजच्या सरावाशिवाय कसे जमणार? गारद्यांनी तो सराव केला होता.

१७५९ साली सदाशिवरावभाऊंनी इब्राहिमखानाला आपल्याकडे घेतले. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत त्याच्या तोफांनी निजामाच्या फौजेला जेरीस आणले. भाऊंचा त्याच्यावर विश्वास बसला. पुढे ते त्याला उत्तरेत घेऊन गेले.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अहमदशाह अब्दालीशी मोठी लढाई झाली. इब्राहिमखान आपल्या शिपायांच्या पगारासाठी नेहमी आग्रह धरी. भाऊंना ते आवडत नसे. त्या महिन्याचा पगारही मिळाला नव्हता. तरी, आज आम्ही आपले काम चोख करू, असे त्याने भाऊंना सांगितले.

मराठ्यांच्या तोफा फार मोठ्या होत्या. त्यांची तोंडे पटकन खाली करता येत नसत. शत्रू जवळ येताच गोळे त्याच्या डोक्यावरून पलीकडे पडू लागले. मोठी तोफ नेहमीच उपयोगी पडते असे नाही, हे त्या दिवशी दिसले. तेव्हा इब्राहिमखानाने गोळीबार थांबवला. हाती निशाण घेऊन, बंदुकांना संगिनी लावलेल्या सात पलटणींसह तो रोहिल्यांवर तुटून पडला. रोहिल्यांची फार हानी झाली. पण गारद्यांच्या बहुतेक पलटणीही कापल्या गेल्या. मराठ्यांचा पराभव झाला. जखमी इब्राहिमखान पकडला गेला आणि कैदेतच त्याचा अंत झाला.

मुलांनो, उपाशीपोटीसुद्धा गारद्यांची रांग मोडली नाही. शस्त्राची ताकद सरावात असते, पण माणसाची ताकद इमानात असते. इब्राहिमखानाजवळ दोन्ही होते. तो खाल्ल्या मिठाला जागला.