भाकरीबरोबर काय होते? : डॉ. जोसेफ गोल्डबर्गर

आपल्या बेळगाव व हैदराबादकडच्या मंडळ्यांत ज्वारीची भाकरी रोजचीच. तिच्याबरोबर डाळ, पालेभाजी, ताक आणि जमेल तेव्हा अंडे-मटण असले म्हणजे त्या जेवणात उणे काढण्यासारखे काही नाही. परंतु नुसती भाकरी आणि मिरची यांवर महिनोन् महिने काढणाऱ्या दख्खनच्या शेतमजुरांमध्ये एक वाईट रोग आढळत असे. हात, मान, पाय असे उन्हात उघडे राहणारे अवयव काळवंडून कातडी सोलते, जीभ लाल होऊन चरचरते, जुलाब लागतात आणि रोग वाढला म्हणजे माणसाला भ्रम होतो. ह्या रोगाचे नाव पेलाग्रा. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली या रोगाचा ज्वारीशी असलेला संबंध मांडला व तो वैद्यकीय जगात गाजला. त्यांच्याही आधी पन्नास वर्षे, मका खाणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिण भागात, याच रोगापायी एका माणसाने आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे खर्च केली. त्याची ही हकिगत.

जोसेफ गोल्डबर्गर यांचा जन्म १८७४ साली, त्या वेळच्या हंगेरीतील आणि आजच्या स्लोव्हाकियातील एका खेड्यात, गरीब यहूदी घरात झाला. ते नऊ वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडिलांनी गरीब वस्तीत किराणा दुकान टाकले आणि पोरगा घरोघर सामान पोहोचवू लागला. कोणत्या घरी काय जाते आणि पगार सरला की यादीतून प्रथम काय गळते हे दुकानदाराच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. पुढे त्यांनी जे शोधले त्याचा पहिला धडा येथेच झाला असावा असे मला वाटते.

आधी इंजिनिअर होण्याचा बेत होता, पण एकदा वैद्यकीय महाविद्यालयातील व्याख्यान ऐकले आणि मन फिरले. १८९५ साली ते डॉक्टर झाले. थोडे दिवस खाजगी दवाखाना चालवून १८९९ मध्ये ते सरकारी आरोग्य सेवेत शिरले. तेथे त्यांनी साथीच्या रोगांचा पाठलाग केला, आणि पीतज्वर, डेंग्यू व टायफस हे तिन्ही रोग स्वतःच्या अंगावर काढले. १९०६ साली मेरी फरार या न्यू ऑर्लिन्सच्या ख्रिस्ती घराण्यातील मुलीशी त्यांचे लग्न झाले. दोन्ही घरांचा विरोध होता. तिने पुढे काय केले ते येईलच.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्राने कहर मांडला होता. सगळीकडे कापसाचे रान. जमीन दुसऱ्याची, कसणारा बटाईने कसणारा, आणि पीक हाती येईपर्यंत घर चाले ते दुकानाच्या उधारीवर. कापूस थेट दारापर्यंत पेरत, कारण उधारी फक्त कापसावर मिळे, भाजीच्या वाफ्यावर नाही. खायला मक्याचे पीठ, काकवी आणि खारवलेली डुकराची चरबी. रोग वसंतात उफाळे, कारण हिवाळाभर हेच तीन जिन्नस पोटात गेलेले असत. पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त आजारी पडत. घरात चांगला घास आधी कोणाला आणि शेवटी कोणाला, हे आपल्या माताभगिनींना सांगायला नको.

त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांना हा रोग जंतूंचा व संसर्गाचा वाटे. मोठी कमिटी नेमून, गावोगाव फिरून तसा निष्कर्षही निघाला होता. कोणी रक्तातच खोट आहे म्हणे. कोठे कोठे रुग्णांना इस्पितळात घेण्याची लोकांना भीती वाटे. १९१४ साली सर्जन जनरलने हे काम गोल्डबर्गर यांच्याकडे सोपवले.

त्यांनी प्रथम सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही. ते वेड्यांच्या इस्पितळांत आणि अनाथाश्रमांत जाऊन नुसते पाहत राहिले. इस्पितळात रुग्णांना पेलाग्रा होई, पण त्यांच्याच बरोबर दिवसरात्र राहणाऱ्या परिचारिकांना व नोकरांना होत नसे. एका छपराखाली राहून माणसे निवडणारा हा कसला जंतू? मिसिसिपी राज्यात जॅक्सन येथे मेथडिस्ट मंडळीचा एक व बाप्टिस्ट मंडळीचा एक असे दोन अनाथाश्रम होते. तेथे तर आणखी नवल दिसले. रोग होता तो मुख्यतः सहा ते बारा वर्षांच्या मुलांना. त्यांहून लहान पोरांना दूध मिळत होते. त्यांहून मोठी मुले काम करीत, म्हणून त्यांच्या ताटात थोडे मांस पडे. मधल्यांच्या वाट्याला दूध नाही, मांस नाही, केवळ मका आणि काकवी.

आपल्यापैकी जे मिशन बोर्डिंगात वाढले त्यांना हे ताट परके वाटणार नाही. चालकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. देणग्यांवर चालणारे घर, आणि त्या मुलखात सर्वांत स्वस्त ते मका. गोल्डबर्गर यांनी सरकारी पैशातून या दोन्ही आश्रमांच्या जेवणात दूध, अंडी, मांस व कडधान्ये वाढवली. बाकी काही बदलले नाही. तेच घर, तेच पाणी, तीच अंथरुणे. शब्बाथशाळेत दानीएलाच्या दहा दिवसांच्या अन्नपरीक्षेचा पाठ शिकवणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. येथे मात्र परीक्षा वर्षभर चालली. दुसऱ्या वर्षी एखादा अपवाद सोडला तर रोग परतला नाही. पुढे सरकारी पैसा थांबला, एका आश्रमात जुने जेवण सुरू झाले, आणि काही महिन्यांत पुष्कळ मुलांच्या अंगावर पुन्हा ते चट्टे उमटले. चांगले जेवण परत दिले तेव्हा ते पुन्हा गेले. शास्त्राच्या दृष्टीने पुरावा पक्का झाला, पण त्या मुलांना त्यासाठी पुन्हा एकदा आजारी पडावे लागले.

तरी डॉक्टरमंडळी मानेनात. तेव्हा १९१५ मध्ये त्यांनी उलटा प्रयोग केला. मिसिसिपीतील एका तुरुंगाच्या शेतावर पेलाग्रा मुळीच नव्हता. तेथील बारा कैदी राज्यपालाकडून माफी मिळण्याच्या अटीवर तयार झाले. त्यांना मक्याचे पीठ, पांढरा भात, काकवी, रताळी असे गरिबाचे अन्न पोटभर पण तेवढेच दिले. एक जण मध्येच दुसऱ्या दुखण्यामुळे वगळावा लागला. उरलेल्या अकरांपैकी सहा जणांना काही महिन्यांत पेलाग्रा झाला. हा प्रयोग मला आजही बोचतो. सुटकेची आस लावून घेतलेल्या संमतीला संमती म्हणावे काय? आज असे करू दिले जाणार नाही, आणि ते बरेच आहे. गोल्डबर्गर यांचे मोठेपण सांगताना हे झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

एवढे होऊनही काही टीकाकार म्हणत राहिले की जंतू कोठेतरी असलाच पाहिजे. मग १९१६ साली त्यांनी स्वतःचे अंग पुढे केले. रुग्णाचे रक्त टोचून घेतले, त्याच्या नाकाघशातील स्राव आपल्या नाकाघशात लावला, आणि त्वचेच्या खपल्या व मलमूत्र पिठात मळून गोळ्या करून गिळल्या. सहकारीही सामील झाले. मेरीबाईंनी हट्ट धरला, तेव्हा त्यांनाही रुग्णाचे रक्त टोचण्यात आले. घरी लहान मुले होती. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

लोकांना हीच गोष्ट आठवते, कारण ती अंगावर काटा आणते. माझ्या मते त्यांचे खरे काम यानंतरचे. एडगर सायडनस्ट्रिकर हे त्यांचे सहकारी डॉक्टर नव्हते, अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. चीनमधील प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांचे ते पुत्र, आणि पर्ल बक या प्रसिद्ध लेखिकेचे थोरले बंधू. दोघांनी साउथ कॅरोलायनातील कापडगिरण्यांच्या सात वस्त्या निवडल्या. घरोघर जाऊन कोण आजारी आहे हे तपासले. त्याबरोबरच पंधरवड्यात घरात किती दूध, किती मांस, किती पीठ आले आणि माणशी मिळकत किती हेही लिहून घेतले. एखाद्या रोगाची नोंद अशी कोणी क्वचितच केली होती. मिळकत जसजशी कमी, तसतसा रोग जास्त. सर्वांत गरीब घरांत तो कितीतरी पट आढळला.

पण येथेच ते थांबले नाहीत. दोन वस्त्यांत पगार सारखे असूनही एकीत रोग होता व दुसरीत नव्हता. पाहू जाता, दुसरीच्या आसपासचे शेतकरी कापसाबरोबर खाण्याचे जिन्नसही पिकवीत आणि तेथे ताजे मांस विकत मिळे. म्हणजे खिशात पैसा हवा, आणि त्या पैशाने घेण्याजोगे अन्नही गावात हवे. लोकांना खाण्याचे ज्ञान नाही असे म्हणणाऱ्यांना हे मोठे उत्तर होते. आपणही पुष्कळदा गरिबांना आहारावर व्याख्यान देतो आणि दुधाचा भाव विचारत नाही.

१९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले. दुसऱ्या वर्षी दोघांनी सरकारला इशारा दिला की आता पेलाग्रा वाढेल. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी मदतीची भाषा करताच दक्षिणेतील पुढारी व वर्तमानपत्रे खवळली. आमच्याकडे उपासमार म्हणता? हा आमचा अपमान आहे! मदत नाकारली गेली. रोग लपवण्यासारखा नव्हता, पण गरिबी कबूल करण्याची लाज होती. आणि ती लाज उपाशी माणसाला नव्हती, पोट भरलेल्यांना होती.

जमिनीची पद्धत बदलणे डॉक्टरच्या हाती नव्हते. मग गोल्डबर्गर यांनी स्वस्त उपाय शोधला. कुत्र्यांना होणाऱ्या अशाच रोगावर प्रयोग करता करता, दारूच्या भट्टीतील वाळवलेले खमीर गुणकारी ठरले. दिवसाला थोडेसे पुरे, आणि किंमत अगदी अल्प. पवित्र शास्त्रात खमीर कधी भल्याची तर कधी बुऱ्याची उपमा म्हणून येते, येथे ते नुसते औषध होते. १९२७ साली मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला तेव्हा रेड क्रॉसने हजारो पौंड खमीर वाटले व माणसे वाचली. त्याच दौऱ्यानंतर लिहिलेल्या अहवालात गोल्डबर्गर व सायडनस्ट्रिकर यांनी मुळाशी बोट ठेवले होते: एकच पीक, बटाईची शेती आणि उधारीची वही. खमीर स्वीकारले गेले. अहवालातील बाकीच्या गोष्टी तशाच राहिल्या.

पेलाग्राने १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत सुमारे तीस लाख लोकांना गाठले आणि एक लाखाच्या आसपास मेले असे धरतात. मरणाऱ्यांत काळे लोक फार होते. अन्नातील तो हरवलेला घटक गोल्डबर्गर यांना अखेरपर्यंत सापडला नाही. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी दाखवले की तो निकोटिनिक आम्ल, म्हणजे आज ज्याला नायसिन म्हणतात तो आहे. १९४० नंतर अमेरिकेत तो पिठात मिसळू लागले आणि रोग हटला. मेक्सिकोतील गरीब बायका मात्र पूर्वापार मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळीत आल्या होत्या. त्या चुन्यामुळे मक्यात अडकलेले नायसिन मोकळे होते. मका जगभर गेला, पण ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही.

१९२८ मध्ये गोल्डबर्गर यांना मूत्रपिंडाचा कर्करोग जडला. १७ जानेवारी १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले, आणि रब्बीने प्रार्थना म्हणत असताना रक्षा पोटोमॅक नदीत सोडण्यात आली. मेरीबाई चार मुलांसह मागे राहिल्या.