= हे चिन्ह देणारे रॉबर्ट रेकॉर्ड

तुमच्या कीबोर्डवर = हे चिन्ह शोधा. सापडलं? ते आपल्याला रॉबर्ट रेकॉर्ड यांनी दिलं.

रेकॉर्ड यांचा जन्म १५१० च्या सुमारास वेल्समधल्या टेन्बी गावात झाला. ते डॉक्टर होते, पण त्यांना गणिताची फार आवड. त्या काळी विद्वान लोक लॅटिनमध्ये लिहायचे. सामान्य माणसालाही गणित कळावं म्हणून रेकॉर्ड यांनी इंग्रजीत पुस्तकं लिहिली.

तेव्हा 'बरोबर' हे शब्दांत लिहावं लागायचं. तेच तेच लिहून ते कंटाळले. १५५७ साली त्यांनी आपल्या पुस्तकात त्याऐवजी दोन समांतर रेघा छापल्या. त्यांच्या मते, सारख्या लांबीच्या अशा दोन रेघांइतकं एकसारखं दुसरं काहीच नव्हतं.

याच सुमारास त्यांनी एका बड्या सरदारावर आरोप केले. ते खटला हरले. भरपाई होती १००० पौंड! ती त्यांना भरता आली नाही. १५५८ साली ते लंडनच्या तुरुंगात वारले.

त्यांचं चिन्ह सगळीकडे रुळायला पुढे बरीच वर्षं लागली. आज युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला एक क्रमांक असतो. = चा क्रमांक आहे ६१. मजकूर मराठीत असो की इंग्रजीत, क्रमांक तोच!