डॉ. द्वारकानाथ कोटणीस : गनिमी युद्धातला सोलापूरचा डॉक्टर



दुसऱ्या महायुद्धावरचे हॉलिवूडचे सिनेमे मोठी मुलं आवडीने बघतात. डोंगरात लपलेली टोळी, उडवलेला पूल, शेवटी नायकाचं बलिदान. पण त्या टोळीतल्या जखमींचं पुढे काय होतं? ते सिनेमात फारसं येत नाही. त्यासाठी आपल्याच सोलापूरच्या एका माणसाचं आयुष्य मुलांना सांगायला हवं.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापुरातला. मोठं कुटुंब, मध्यमवर्गीय घर. ते विशीच्या उंबरठ्यावर असताना, 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी झाली. ज्या शहरातून हा मुलगा घडला, त्या शहराची हवा अशी होती. पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीला लागले.

इकडे 1937 मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी आवाहन केलं, निधी जमला आणि सप्टेंबर 1938 मध्ये पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने निघालं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. तेव्हा त्यांना अजून अठ्ठावीस पूर्ण व्हायचे होते.

चीनमध्ये गेल्यावर काही महिन्यांतच वडील गेल्याची बातमी आली. परत जाण्याचं याहून मोठं कारण काय असणार! ते गेले नाहीत. फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला पोहोचलं. पुढे अटल, चोळकर आणि मुखर्जी एकेक करून मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू राहिले. माझ्या मते कोटणिसांचं मोठेपण एकदा जाण्यात नाही, तर पुन्हा पुन्हा राहण्यात आहे.

ते ज्या आठव्या मार्ग सेनेबरोबर होते, तिचं युद्ध गनिमी होतं. मुलांना हे समजावणं सोपं आहे, कारण चौथीच्या शिवछत्रपतींच्या पुस्तकापासून गनिमी कावा त्यांना माहीत असतो. शहरं आणि रेल्वेमार्ग जपान्यांच्या ताब्यात, डोंगर आणि खेडी यांच्या. अशा ठिकाणी दवाखाना म्हणजे पक्की इमारत नव्हे. जखमी गावकऱ्यांच्या घरात ठेवायचे, सामान खेचरांवर लादायचं आणि शत्रू जवळ आला की सगळं उचलून दुसऱ्या गावी हलवायचं. नाकेबंदीमुळे औषधं कायम अपुरी. गावकऱ्यांनी दार उघडलं नसतं तर हे सैन्य एक महिनाही टिकलं नसतं, आणि त्याची किंमत गावांनी जळून मोजली.

1940 च्या मोठ्या मोहिमेत कोटणिसांनी आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग 72 तास, डोळ्याला डोळा न लागता, ते शस्त्रक्रिया करत होते. जानेवारी 1941 मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. ज्या कॅनेडियन डॉक्टरच्या नावाचं हे रुग्णालय, ते नॉर्मन बेथ्यून याच भागात काम करताना रक्तात विष भिनून 1939 मध्ये वारले होते. म्हणजे या कामात काय होऊ शकतं, हे कोटणिसांना पुरतं ठाऊक होतं.

आपल्या शिक्षकांना विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे ते तिथे शिकवतही होते. त्यासाठी चिनी भाषा शिकले, त्या भाषेत व्याख्यानं दिली, शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहायला घेतलं. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणू लागले. 1941 च्या अखेरीस परिचारिकांना शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला, नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

तोवर अतिश्रमांनी शरीर पोखरलं होतं. अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे झटके येत होते. तरी काम थांबलं नाही. 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले. वय अवघं 32, मूल साडेतीन महिन्यांचं.

1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. कोटणिसांची भूमिका त्यांनी स्वतः केली, नायिका जयश्री. वर्गात जरूर दाखवावा, पण त्यातलं प्लेगच्या साथीचं नाट्य म्हणजे इतिहास नव्हे, एवढं मुलांना आधी सांगावं. खऱ्या आयुष्यात नाट्य कमी आणि राबणं जास्त होतं.

यिनहुआसुद्धा वैद्यकीय शिक्षण घेत होता. 1967 मध्ये, डॉक्टर होण्याआधीच, तोही गेला. छिंगलानबाई पुढे अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या. 2012 मध्ये त्यांचं निधन झालं. कोटणिसांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात आहे, बेथ्यून यांचीही तिथेच. सोलापुरात भैय्या चौकातलं त्यांचं घर महापालिकेने स्मारक म्हणून जपलं आहे. सहलीचं नियोजन करताना सिद्धेश्वर आणि भुईकोट किल्ल्याबरोबर तिथेही तासभर ठेवा.