महात्मा जोतीराव फुले आणि आपला जुन्नर तालुका



गुरुजींनी आम्हांला एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून आणायला सांगितले. वर्गातल्या निम्म्या मुलांनी शिवाजी महाराज घेतले. शिवनेरी किल्ला आपल्याच तालुक्यात आहे, त्यामुळे ते साहजिकच होते. मी मात्र जोतीराव फुले घेतले. त्यामागे दोन कारणे आहेत. दोन्ही पुढे येतील.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात झाला. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. घरातली मंडळी फुलांचा धंदा करू लागली, म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. आई चिमणाबाई जोतीराव अगदी लहान असतानाच वारल्या. सगुणाबाई नावाच्या नात्यातल्या बाईंनी त्यांना वाढवले. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले. पण शूद्राच्या मुलाला शिकवून काय करायचे, शिकला तर शेतीच्या कामातून जाईल, असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवले. गोविंदरावांनी जोतीरावांचे नाव शाळेतून काढले आणि त्यांच्या हातात खुरपे दिले.

हेच माझे पहिले कारण. गेल्या वर्षी कांद्याच्या लागणीत मजूर मिळेना, तेव्हा मी आणि माझी बहीण वीस दिवस शाळेत आलो नव्हतो. वडिलांचा त्यात दोष नाही, लागण थांबत नसते. पण परत वर्गात आलो तेव्हा अपूर्णांक पुढे निघून गेले होते आणि मला फळ्यावरचे काहीच कळेना. शाळेत जाऊच नये असे वाटले. म्हणून पुस्तकात जोतीरावांचे नाव शाळेतून काढल्याचे वाचले तेव्हा मी तिथेच थांबलो. पुढे काय झाले ते मला बघायचे होते.

पुढे असे झाले. जोतीराव दिवसा मळ्यात राबत आणि रात्री दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसत. शेजारी गफारबेग मुनशी म्हणून एक फारसीचे जाणकार राहत होते. लेजिट नावाचे एक साहेबही ओळखीचे होते. या दोघांनी मुलाची हुशारी पाहिली आणि गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. मधे काही वर्षे गेली होती, वयाने ते वर्गातल्या पुष्कळ मुलांपेक्षा मोठे असणार. तरी गेले. ती दोन माणसे बोलायला आली नसती तर आज मंडईला, विद्यापीठाला, कशालाच फुल्यांचे नाव नसते. शेजाऱ्याच्या मुलाबद्दल त्याच्या बापाशी बोलायला जाणे ही साधी गोष्ट नाही. पुष्कळदा शेजाऱ्याशी भांडण होते.

त्यानंतरची गोष्ट तुम्हां सर्वांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सरकारी नोकरीच्या मागे न लागता जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाईंना त्यांनी स्वतः शिकवले, आणि त्या शाळेत शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकत. गोविंदरावांनी लोकांच्या दडपणाने मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागल्या. पुढे महार-मांग समाजातील मुलांसाठीही शाळा निघाल्या. त्या शाळांच्या शिक्षकांत मांग आणि चांभार समाजातले तरुणसुद्धा होते. म्हणजे ज्यांना कालपर्यंत शाळेच्या पायरीवर उभे करत नसत, ते पगारी शिक्षक झाले. ही गोष्ट परीक्षेत विचारत नाहीत, पण मला फार मोठी वाटते. जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीने १८५५ साली आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय नियतकालिकात छापून आला. ती तेव्हा आपल्यापेक्षा फार मोठी नव्हती.

त्याच १८५५ साली जोतीरावांनी आपल्या घरात रात्रीची शाळा सुरू केली. दिवसभर राबणारे मजूर, शेतकरी आणि त्यांच्या घरच्या बाया संध्याकाळी दोन तास येऊन शिकत. सध्या आपल्याकडे बिबट्याच्या भीतीने अंधार पडला की कोणी वस्तीबाहेर पडत नाही, त्यामुळे रात्रीची शाळा हे ऐकायला नवल वाटते. पण राबणाऱ्या माणसाला दिवसा वेळ कुठला?

आता जोतीराव पोटापाण्यासाठी काय करत ते सांगतो, कारण मोठ्या माणसांच्या चरित्रात हे बहुधा राहून जाते. ते समाजकार्याचे पैसे घेत नव्हते. घरची शेती आणि भाजीपाला होता. शिवाय ते कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाच्या बांधकामाला त्यांनी दगड पुरवला. या कामांवर त्यांनी मजुरांचे हाल जवळून पाहिले. खोटी हजेरी कशी लागते, मधले लोक पैसे कसे खातात आणि अडाणी माणसाला आपल्या कामाचा हिशोब कसा कळत नाही, हे त्यांनी पाहिले आणि त्यावर लिहिले. आमची आजी सही करते, पण पणजोबा आंगठाच उमटवत. कशावर आंगठा दिला ते घरी आल्यावर दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यायचे, असे आजी सांगते. जोतीरावांना नेमके हेच मोडायचे होते. म्हणून त्यांच्या शिक्षणाच्या विचारात नुसते वाचन आणि पाठांतर नव्हते.

१८८२ साली सरकारने शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर साहेबांचे कमिशन नेमले. जोतीरावांनी त्यापुढे मोठे निवेदन दिले. गुरुजींनी मला त्याचा सारांश समजावून सांगितला. निदान बारा वर्षांपर्यंत सगळ्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यातली मुख्य मागणी. मुलांना मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता यावे, हिशोब यावा, इतिहास-भूगोल यावा, आणि त्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे मिळावेत, असे त्यांनी सांगितले. गावच्या शाळेवर शेतकऱ्यांच्या घरातले शिक्षक जास्त नेमावेत, जे वेळ पडली तर नांगराची रुमणी किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाहीत. अशा शिक्षकांना नीट प्रशिक्षण द्यावे आणि पगारही बरा द्यावा. शिकलेल्या शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नये, मोठ्या गावात पंधरा ते वीस द्यावेत, हा आकडासुद्धा त्यांनी दिला. हे वाचून आमचे गुरुजी हसले. शिकून सगळ्यांनी सरकारी नोकरीच मागत बसण्यापेक्षा आपल्या पायांवर उभे राहता येईल असे व्यवहाराचे ज्ञान मुलांना द्यावे, असेही त्यांचे मत होते. सक्तीच्या शिक्षणाची मागणी मात्र सरकारने तेव्हा मानली नाही.

१८७३ साली, २४ सप्टेंबरला, जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. १८७६ ते १८८२ या काळात ते पुण्याच्या म्युनिसिपालटीचे मेंबर होते. तिथली एक हकिकत मला फार आवडते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन साहेब पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागताला एक हजार रुपये खर्च करायचे ठरले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या जोतीरावांनी विरोध केला, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून सांगितले. मत एकच पडले आणि खर्च व्हायचा तो झाला. पुण्यात मोठी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा असाच विरोध होता. पुढे त्याच मंडईला महात्मा फुले मंडई नाव दिले. आमच्या गावातून टेम्पोने भाजी पुण्याकडे जाते, तेव्हा मला हे आठवते आणि गंमत वाटते.

आता दुसरे कारण. जोतीरावांचे काम पुण्यापुरते नव्हते, ते आपल्या भागात येऊन पोचले होते. १८७६-७७ साली दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम काढला. आणि सावित्रीबाई कुठे होत्या माहीत आहे? आपल्या ओतूरला! कल्याण रस्त्याने एस.टी.त बसलो की थोड्याच वेळात आपण ज्या ओतूरला उतरतो, तेच ओतूर. तिथून त्यांनी २० एप्रिल १८७७ रोजी जोतीरावांना पत्र लिहिले. पाणी नाही, जनावरे मरत आहेत, लोक गावे सोडून चालले आहेत आणि अशा वेळीही सावकार लोकांना नाडत आहेत, असे त्यांनी कळवले. मदतीचे काम करणाऱ्या सत्यशोधकांना पोलिसांनी पकडले होते. सावित्रीबाई स्वतः कलेक्टर साहेबांना जाऊन भेटल्या आणि खरी गोष्ट सांगितली. साहेबांनी लोकांना सोडले आणि चार बैलगाड्या ज्वारी पाठवून दिली. दीडशे वर्षांपूर्वीची बाई एकटी साहेबासमोर जाऊन बोलते! मला अजून आमच्या हेडमास्तरांसमोर बोलताना घाम फुटतो.

ओतूरचे भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे जोतीरावांचे जवळचे सहकारी होते. आपल्या जुन्नर भागात सत्यशोधक समाजाचे काम जोरात होते ते अशा माणसांमुळे. १८८३ साली जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक लिहिले. त्यानंतर लवकरच, १८८४-८५ च्या सुमारास, जुन्नर तालुक्यातल्या कुळांनी एक मोठी गोष्ट केली. जमीन सावकाराच्या नावावर गेलेली, राबायचे कुळाने, आणि धान्य जायचे सावकाराच्या घरी. कुळे एकत्र बसली आणि ठरवले की या अटींवर आपण जमीन कसायचीच नाही. मारामारी केली नाही, वह्या जाळल्या नाहीत. फक्त नांगर धरला नाही. सावकारांच्या जमिनी पड राहिल्या.

हे वाचून मी घरी वडिलांना सांगितले. ते भाकरी खात होते. ते म्हणाले की एक हंगाम जमीन पड टाकायची तर कुळांनी त्या वर्षी खाल्ले काय असेल? याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. पण तेव्हापासून मला त्या लोकांबद्दल आदर वाटू लागला. संप करणाऱ्याचेच पोट आधी रिकामे होते, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

मुंबईत जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी झटत होते. कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० च्या जून महिन्यात गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. मुलांनो, रविवारी खेळायला जाताना लोखंडे यांची आठवण ठेवा.

१८८८ साली पुण्यात राणीच्या मुलाला, ड्यूक ऑफ कॅनॉटला, मेजवानी होती. सगळे पाहुणे जरीचे कपडे आणि दागिने घालून आले. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी टाकून गेले. त्यांनी ड्यूकला सांगितले की इथले हे नटलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यात जा, आणि तिच्या शिक्षणाची सोय करा असे राणीला कळवा. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे दोन महिन्यांनी त्यांना पक्षघाताचा झटका आला. उजवा हात गेला. मग ते डाव्या हाताने लिहू लागले आणि शेवटचे पुस्तक त्यांनी असेच पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. त्या वेळी सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले.

एक गोष्ट राहिली. जोतीराव-सावित्रीबाईंना मूलबाळ नव्हते. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र केले. त्यात त्यांनी लिहून ठेवले की यशवंत शिकला नाही आणि उनाड निघाला तर माझी मालमत्ता त्याला न देता माळी, कुणबी, धनगर अशा समाजांतल्या हुशार मुलाला द्यावी. तेव्हा यशवंत आपल्याएवढाच, तेरा वर्षांचा होता. हे त्याला कोणी वाचून दाखवले असेल काय, असे मला सारखे वाटते.

यशवंत शिकला आणि डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई रोग्यांना ज्या दवाखान्यात आणत होत्या तो यशवंतचाच होता.