रमई काका

लखनौ म्हणजे उर्दूची नजाकत, असा दूरस्थांचा समज असतो. परंतु येथील आकाशवाणीला अवधच्या खेड्याचा आवाज लाभला तो चंद्रभूषण त्रिवेदी यांच्यामुळे. उन्नाव जिल्ह्यातील रावतपूर गावी १९१५ साली जन्मलेले त्रिवेदी १९४१ मध्ये या केंद्रात रुजू झाले. केंद्र सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे लोटली होती. ग्रामीण श्रोत्यांशी ते ‘रमई काका’ या नावाने बोलत. पुढे मूळ नाव मागेच पडले.

सुशिक्षितांनी अवधी घरच्या उंबरठ्याआड ठेवावी, अशी त्या काळची रीत. काकांनी तीच बोली ध्वनिक्षेपकापुढे आणली, तीही तिला शहरी पोशाख न चढवता. ‘बौछार’ (१९४४) या संग्रहाने त्यांना कवी म्हणून कीर्ती दिली. पण ते घरोघर पोचले ‘बहिरे बाबा’ या श्रुतिकेने. एक विचारावे तर भलतेच ऐकणाऱ्या या बाबांची भूमिका ते स्वतःच करीत. (मराठी कुटुंबांना हे शीर्षक समजावून सांगावे लागत नसे!) चारचौघांत मुलांशी मराठी बोलताना आवाज खाली आणणाऱ्या आम्हा मंडळींना त्यांचा तो निःसंकोच अवधी स्वर ऐकून कित्येकदा ओशाळल्यासारखे होई.

१८ एप्रिल १९८२ रोजी काका निवर्तले. उन्नावकडील वृद्ध मंडळी अजूनही बहिरे बाबांची नक्कल करून दाखवतात.